ससेक्सच्या किनाऱ्यावर एक पावसाळी दिवस

पुनावळ्यास आषाढ लागला म्हणजे पवनेला तांबडें पाणी येतें, बाह्यवळण रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात, आणि ज्याला त्याला कोठेंतरी निघून जावेंसें वाटतें. गेल्या वर्षीं अशाच दिवसांत चिरंजीव व सूनबाई यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां महिनाभर इंग्लंडांत जाऊन राहिलों. चिरंजीवांचें बिऱ्हाड लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथें आहे. तेथून समुद्र फारसा दूर नाहीं. तेव्हां एका शनिवारीं मोटारीनें ब्रायटनला जावें, तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें पूर्वेकडे सीफर्डपर्यंत फिरावें आणि रात्रीं घरीं परतावें असा बेत ठरला. पाऊस पहाटेपासूनच लागला होता. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आज बेत रहित करायचा का?" आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आमच्या घरांतून उत्तर गेलें, "अग, भिजायला आम्ही काय मिठाचे आहों?"

तिकडचा पाऊस आणि आपला पाऊस यांचें गोत्र एक नव्हे. आपला पाऊस येतो तो वाजतगाजत, आणि गेला म्हणजे गेला असें कळतें. इंग्लंडांतील पाऊस एखाद्या जुन्या कारकुनानें मान खालीं घालून दिवसभर काम उरकीत बसावें तसा पडत राहतो. त्याला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. ब्रायटनच्या धक्क्यावर आम्ही उतरलों तेव्हां समुद्र कोठें संपतो आणि आभाळ कोठें लागतें हें सांगतां आलें नसतें. पायांखालीं वाळू नाहीं, नुसते गोटे. लाट मागें सरली कीं त्या गोट्यांचा खडखडाट होतो. तेवढाच काय तो त्या दिवशींचा मोठा आवाज.

मराठी माणूस ब्रायटनला जातो तो बहुधा एका कवितेसाठीं. बॅरिस्टरीसाठीं लंडनांत गेलेल्या सावरकरांनीं १९०९ सालीं याच किनाऱ्यावर आपली सागराला उद्देशून असलेली कविता रचिली. त्या वेळीं बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल त्यांच्यासोबत होते. पुढें तीनचार महिन्यांतच, म्हणजे मार्च १९१० मध्यें, पॅरिसहून लंडनला परततांच त्यांस पकडण्यांत आलें. ही हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलेंही जाणतात. त्यामुळें आमच्यासारखीं कुटुंबें त्या गोट्यांवर उभीं राहतात, छायाचित्र काढितात आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांकडे वळतात. आम्हींही छायाचित्र काढिलें. तें पावसांत पुसट आलें. परंतु आमच्या मनांत होती ती दुसरी हकीकत. ती त्या कवितेनंतर पांचच वर्षांनीं त्याच गांवांत घडली, आणि तिची वार्ता आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाहीं.

धक्क्यापासून थोडें आंत चालून गेलें कीं ब्रायटनचा तो प्रसिद्ध राजवाडा दिसतो. चौथा जॉर्ज राजपुत्र असतां त्यानें आपल्या विलासासाठीं तो बांधविला. आरंभीं तो साधाच होता. १८१५ ते १८२२ या सात वर्षांत जॉन नॅश या शिल्पज्ञानें त्याचें रूप पालटलें आणि त्याच्यावर हिंदुस्थानी घाटाचे घुमट, मनोरे आणि जाळ्या चढविल्या. नॅशनें हिंदुस्थान पाहिलेला नव्हता, आणि तें त्या इमारतीकडे पाहून सहज कळतें! या सालांकडे पाहतां आम्हांस राहवलें नाहीं. ब्रायटनांत हे घुमट उभे राहत होते त्याच काळांत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. पुढच्या जूनमध्यें बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला. एकीकडे हिंदुस्थानचीं राज्यें घ्यावयाचीं आणि दुसरीकडे हिंदुस्थानचा देखावा आपल्या दिवाणखान्यावर मांडावयाचा, या दोन्ही गोष्टी एकाच घराण्याच्या अमलांत, एकाच दशकांत चालल्या होत्या. पुढें व्हिक्टोरिया राणीला हा वाडा रुचला नाहीं. १८५० सालीं ब्रायटन गांवानें तो विकत घेतला.

ही खरेदी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९१४ च्या डिसेंबरांत हिंदी जखमी शिपाई या वाड्यांत येऊं लागले, तेव्हां बादशहानें आपला स्वतःचा महाल शिपायांसाठीं रिकामा करून दिला असा समज त्यांच्यांत पसरला, आणि तो दूर करण्याची कोणाला घाई नव्हती. खरें पाहतां तो वाडा चौसष्ट वर्षें गांवच्या मालकीचा होता.

हिंदी फौज युरोपांत कशी आली तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ऑगस्ट १९१४ मध्यें युद्ध पेटलें. सप्टेंबर संपण्यापूर्वीं हिंदुस्थानांतील पहिल्या पलटणी मार्सेय बंदरांत उतरल्या आणि ऑक्टोबरांत त्या फ्लँडर्सच्या चिखलांत खंदकांत उभ्या राहिल्या. त्यांत आमच्या शेजारचे लोक होते. आमच्या पुनावळ्यावरून जाणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, आणि पलीकडेच खडकी. तेथें मुंबई इलाख्याच्या सॅपर्स आणि मायनर्स पलटणीचें ठाणें एकोणिसाव्या शतकापासून आहे. हे लोक मुळांत पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, खंदक खणणारे. त्यांत मराठे, शीख आणि मुसलमान असत. त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सांत गेल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल हें खेडें जर्मनांकडून परत घेण्यासाठीं ४७ व्या शीख पलटणीबरोबर या कारागीर शिपायांस पायदळाप्रमाणें पुढें घातलें गेलें. ते खेड्यांत शिरले, घराघरांतून लढले. परंतु पाठीमागून कुमक आली नाहीं. त्यांचे इंग्रज अधिकारी जवळजवळ सर्व पडले आणि माणसेंही फार कामास आलीं. पूल बांधावयास शिकविलेल्या माणसाकडून संगिनीचें काम करून घेणें हा सेनापतीच्या हिशेबांत कोणत्या रकान्यांत बसतो, हें आम्हांस आजपर्यंत समजलेलें नाहीं.

असे जखमी बोटींतून आणि रुग्णगाड्यांतून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर येत. ब्रायटनमध्यें राजवाडा, त्याच्या शेजारचीं सभागृहें, यॉर्क प्लेस येथील शाळा आणि टेकडीवरील गरीबखाना इतक्या इमारती त्यांच्यासाठीं घेतल्या होत्या. राजवाड्याचे दिवाणखाने झाले वॉर्ड. ज्या घुमटी इमारतींत पूर्वीं राजपुत्राचे घोडे बांधीत, तिच्यांत खाटा मांडल्या. व्यवस्था मात्र फार काळजीची होती, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. राजवाड्याच्या आवारांत नऊ स्वयंपाकघरें होतीं. मुसलमानांचीं वेगळीं, मांसाहारी हिंदूंचीं वेगळीं, शाकाहारी लोकांचीं वेगळीं. पाण्याचे नळही हिंदूंचे आणि मुसलमानांचे निराळे. नमाजासाठीं एक जागा राखलेली आणि शिखांच्या प्रार्थनेसाठीं दुसरी. ज्यांनीं १८५७ पाहिलें होतें त्यांच्या पुढच्या पिढीला काडतुसांवरील चरबीचा धडा चांगला पाठ झालेला होता. या दक्षतेंत दया किती आणि धसका किती, याचें माप करणें कठीण. दोन्ही होतीं असें आमचें मत आहे. ऑगस्ट १९१५ मध्यें बादशहा स्वतः येथें आले आणि वाड्यासमोरच्या हिरवळीवर जमादार मीर दस्त यांस त्यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

त्या वर्षीं गांवानें या इस्पितळाविषयीं एक सचित्र पुस्तिका काढिली. इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दू अशा तीन भाषांत. हिंदुस्थानांत ती वाटली जावी आणि सरकारची कीर्ति व्हावी हा हेतु उघड होता. मराठींत ती निघाली नाहीं. खडकीच्या शिपायाची आई ती वाचूं शकली नसती. अर्थात् त्या काळीं अशा किती आयांना अक्षर वाचतां येत होतें, हा प्रश्न वेगळा.

आतां त्या टेकडीवरच्या गरीबखान्याकडे येऊं. एल्म ग्रोव्ह नांवाच्या चढावर ती लांबलचक, कंटाळवाणी इमारत आहे. युद्धकाळांत तिला किचनर इंडियन हॉस्पिटल असें नांव दिलें आणि कर्नल सर ब्रूस सीटन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी तिच्यावर नेमले. आम्ही मोटारींतूनच ती पाहिली. खालीं उतरावें असा पाऊस नव्हता आणि चिरंजीव गाडी कोठें उभी करावी या विवंचनेंत होते. सीटनसाहेबांनीं तेथें शिस्त कडक ठेविली. भिंतींवर कांटेरी तार लावली, दारांवर पहारे बसविले, आणि शिपायांनाच नव्हे तर हिंदी नोकरवर्गालाही बाहेर मोकळेपणीं जाण्याची मनाई केली. गांवांतील स्त्रियांशीं संबंध येऊन कांहीं बोभाटा होईल ही त्यांना भीति होती. जे लोक बादशहासाठीं रक्त सांडून आले, अगर त्या रक्ताच्या चिंध्या रात्रंदिवस धूत होते, त्यांना रस्त्यावर हिंडण्याची परवानगी नाहीं. ही गोष्ट कोणाच्या मनाला लागणार नाहीं?

ती एका मराठी आडनांवाच्या माणसाला लागली. जगू गोडबोले नांवाच्या सब-असिस्टंट सर्जननें १९१५ सालीं या मनस्तापांत कर्नल सीटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. सीटन वाचले. गोडबोल्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

इतिहासांत या माणसाला एवढीच जागा मिळाली आहे, दोन ओळींची. सब-असिस्टंट सर्जन म्हणजे कोण, हें आजच्या वाचकाला सांगावें लागेल. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून शिकून निघालेले हे हिंदी वैद्यक. जखमा धुणें, टांके घालणें, औषध देणें, रोग्याचें म्हणणें साहेबाला व साहेबाचें रोग्याला समजाविणें हें सगळें काम यांचें. आणि मान मात्र नाहीं. कमिशन मिळालेला गोरा तरुण डॉक्टर आदल्या महिन्यांत आला असला तरी तो यांचा वरिष्ठ. सुशिक्षित मनुष्याला कोंडून ठेवलें म्हणजे तो अशिक्षितापेक्षां लवकर पेटतो, हें कर्नलसाहेबांच्या ध्यानांत आलें नसावें.

या कृत्याचें आम्ही मंडण करीत नाहीं. ज्याच्या हातीं रोग्यांचा जीव, त्यानें पिस्तूल हातीं धरावें हें शोभत नाहीं. शिवाय सीटनसाहेब केवळ जुलमी होते असेंही म्हणतां येत नाहीं. त्याच वर्षीं हिंदी शिपाई लढाई टाळण्यासाठीं स्वतःच्या हातावर गोळी मारून घेतात असा प्रवाद उठला होता. सीटन यांनीं आपल्याकडील एक हजार जखमांची छाननी करून अहवाल लिहिला आणि या प्रवादाला पुरावा नाहीं असें दाखवून दिलें. ज्यानें यांना कोंडलें त्यानेंच यांची अब्रूही राखली. एकाच माणसाच्या हातून अशीं दोन कामें होतात, आणि इतिहास लिहिणाराची त्यामुळें पंचाईत होते.

युद्धकाळांत हिंदी लोकांचीं पत्रें तपासून त्यांचीं इंग्रजी भाषांतरें ठेवीत असत. मूळ पत्रें बहुतेक गेलीं, भाषांतरें लंडनांत राहिलीं. त्यांत इंग्लंडमधील हिंदी इस्पितळांतून एका मित्राला पुण्यास लिहिलेलें जे. एन्. गोडबोले या सब-असिस्टंट सर्जनचें पत्र आहे. केवळ आडनांवावरून दोन माणसें एक करणें इतिहासाला मान्य नाहीं, म्हणून आम्हींही तें करीत नाहीं. पत्राचा भाव असा कीं, येथले लोक स्वभावानें गोड आहेत, आम्हांशीं आदरानें बोलतात, आणि हिंदुस्थानांत जे शिवराळ शब्द उठतां बसतां ऐकूं येतात ते येथें फारसे कानीं पडत नाहींत. मात्र जे हिंदुस्थान पाहून आले आहेत ते दांतओठ खातात. हे चांगले लोक हिंदुस्थानांत पाऊल टाकतांच इतके वाईट कां होतात हें सांगवत नाहीं. एका मध्यम प्रतीच्या नोकरानें, पत्र उघडलें जाणार हें माहीत असतांही, हा प्रश्न इतक्या सरळपणें विचारला आहे कीं मोठमोठ्या राजकारणी पुरुषांच्या व्याख्यानांतही तो इतका उघडा सांपडणार नाहीं.

ब्रायटनहून पूर्वेकडे निघालों. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला गवताच्या टेकड्या, आणि मध्यें खडूच्या पांढऱ्या कड्याच्या माथ्यावरून गेलेला रस्ता. रॉटिंगडीन या खेड्यांत मुंबईस जन्मलेले किपलिंगसाहेब १८९७ ते १९०२ पर्यंत राहत होते, सूनबाईंनीं विचारलें, "थांबायचं का?" आम्ही म्हणालों, "नको." पीसहेव्हनला कड्यावर ग्रिनिचची मध्यरेषा जाते तेथें एक स्तंभ आहे. तो ओलांडतांच मनुष्य पश्चिम गोलार्धांतून पूर्व गोलार्धांत येतो. आपले जुने ज्योतिषी ही रेषा उज्जयिनीवरून नेत असत. ज्याचें राज्य त्याची मध्यान्ह, असें चिरंजीवांना सांगूं लागलों तों ते म्हणाले, "बाबा, पुढची मोटार दिसत नाहीं, जरा थांबा." आम्ही गप्प राहिलों. न्यूहेव्हन बंदरांतून पहिल्या महायुद्धांत फ्रान्सकडे दारूगोळा जात असे. आतां तेथून दिएपला प्रवासी बोटी जातात. फ्लँडर्समधील तोफांचा गडगडाट कांहीं दिवशीं या किनाऱ्यावर ऐकूं येई. किचनर इस्पितळांतील खाटेवर पडलेल्या शिपायाला तो आला असेल तर त्यानें कूस बदलली असेल.

सीफर्डला मात्र पाऊस असूनही उतरलों, कारण तेथें किनाऱ्यावर एक बुटका गोल बुरूज आहे आणि त्याचा संबंध आपल्याशीं फार जवळचा आहे. नेपोलियन खाडी ओलांडून येईल या धास्तीनें इंग्रजांनीं केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर १८०५ पासून पुढें असे चौऱ्याहत्तर बुरूज बांधले. सीफर्डचा शेवटचा, क्रमांक ७४. आज त्यांत गांवचें वस्तुसंग्रहालय आहे. त्याच किनाऱ्यावर आणखी पूर्वेस हेस्टिंग्ज येथें १८०६ सालीं एका लहानशा ब्रिगेडवर एक सेनापति नेमला होता. त्याचें नांव आर्थर वेलस्ली. १८०३ च्या एप्रिलांत पुण्यावर धांवून आलेला, ऑगस्टांत अहमदनगरचा किल्ला घेणारा, २३ सप्टेंबरला असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडणारा तोच हा, पुढचा वेलिंग्टन. हिंदुस्थानांत मोठमोठ्या फौजा चालविल्यावर ही लहान नेमणूक तुम्ही कशी पत्करली असें कोणी विचारलें, तेव्हां हिंदुस्थानांत शिकलेला शब्द वापरून आपण निमकवाला आहों, राजाचें मीठ खाल्लें आहे, असें त्यानें सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शब्द आमचा, मीठ त्यांचें! शंभर वर्षांनंतर फ्रान्समधून घरीं लिहिणाऱ्या हिंदी शिपायांच्या पत्रांत हेंच मीठ पुनः पुनः येतें. सरकारचें मीठ खाल्लें आहे, तेव्हां फेडलें पाहिजे. वेलस्लीला त्याच्या मिठाबद्दल ड्यूकची पदवी मिळाली. यांना काय मिळालें तें पाहण्यासाठीं आम्हांस मागें वळावयाचें होतें.

सकाळीं पाऊस फार म्हणून पॅचमची छत्री पाहण्याचें पुढें ढकललें होतें. ती ब्रायटनच्या उत्तरेस डाऊन्स टेकड्यांवर आहे. तेथें मोटार जात नाहीं. हमरस्त्यापलीकडे गाडी ठेवून मेंढ्यांच्या कुरणांतून अर्धा तास चढावें लागतें. संध्याकाळीं सात वाजतां पाऊस ओसरला. उन्हाळ्यांत तिकडे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, म्हणून निघालों. चढ फार नाहीं, पण ओल्या खडूवरून पाय सरकतो. आमच्या सौभाग्यवतींनीं चपला हातांत घेतल्या आणि त्या आमच्यापुढें गेल्या.

ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख वारले, त्यांतील त्रेपन्न जणांचें दहन या टेकडीवर झालें. उघड्यावर चिता रचणें हें इंग्लंडच्या रिवाजांत बसणारें नव्हतें. या लोकांसाठीं तें होऊं दिलें. सिमेंटचे तीन ओटे घातले होते. राख समुद्रांत सोडीत. मुसलमान शिपायांस वोकिंगच्या मशिदीजवळ नेऊन मूठमाती देत. १९१५ च्या ऑगस्टांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट दासगुप्त यांनीं नगराध्यक्ष सर जॉन ऑटर यांच्याकडे स्मारकाची कल्पना मांडली. मुंबईचे तरुण शिल्पज्ञ ई. सी. हेन्रिकेस यांनीं छत्रीची आखणी केली. सिसिलीहून पांढरा संगमरवर आणिला. आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजीं युवराजांच्या हस्तें ती उघडली गेली. आठ खांबांवर एक घुमट, आणि समोर दहनाच्या ओट्यांवर ग्रॅनाइटच्या तीन शिळा. एवढेंच. नॅशच्या वाड्यावर इतके घुमट आहेत, पण हिंदुस्थानचा म्हणावा असा त्या मुलुखांत हा एकच. लेख इंग्रजी, हिंदी, पंजाबी आणि उर्दू भाषांत कोरला आहे. दुसऱ्या महायुद्धांत ही टेकडी लष्कराच्या सरावासाठीं घेतली होती आणि गोळ्या छत्रीलाही लागल्या. नंतर डागडुजी झाली. नांवें मात्र मूळ छत्रीवर नव्हतीं. तीं २०१० सालीं शेजारीं वेगळ्या दगडावर लिहिलीं गेलीं, म्हणजे माणसें जळाल्यावर पंचाण्णव वर्षांनीं.

आम्ही चष्मा पुशीत पुशीत त्या दगडावर मराठी नांव शोधूं लागलों. खडकीचा कोणी आहे का, एखादें पवार, एखादें शिंदे. बोट अर्ध्यावर आलें असेल नसेल, तों मागून प्रश्न आला, "अहो, बाकीचे काय परके?"

बोट मागें घेतलें आणि पहिल्या ओळीपासून सर्व त्रेपन्न नांवें मोठ्यानें वाचलीं. चिरंजीव आणि सूनबाई छत्रीखालीं उभे राहून ऐकत होते. कांहीं नांवांचे उच्चार आम्हांस साधले नाहींत. इंग्रजी लिपींतून पंजाबी नांव वाचणें सोपें नव्हे. गोडबोल्यांचें नांव तेथें असण्याचें कारणच नव्हतें. ते तेथें मेले नव्हते. पश्चिमेकडे ढग फाटला होता आणि खालीं ब्रायटनच्या घरांपलीकडे समुद्राची एक करडी पट्टी दिसत होती. दरवर्षीं जूनमध्यें कांहीं मंडळी येथें जमतात, फुलें वाहतात. त्या वर्षींचीं फुलें सुकून गेलेलीं होतीं, आणि एक मेंढी कुंपणाला अंग घाशीत उभी होती.

खालीं उतरतांना मात्र आमचा पाय सरकलाच. गाडींत बसतांना बुटांना खडूचा पांढरा चिखल घट्ट बसला होता. सूनबाईंनीं ते धुऊन देण्याचें पुष्कळ सांगितलें. तसेच पिशवींत घातले. पुनावळ्यास आल्यावर अंगणांतील नळाखालीं ते धुतले, तेव्हां येथें पाऊस जोरांत लागला होता आणि पवना पुलाला टेकली होती.